मालक नाही म्हणाले

अंगठा उमटत नव्हता. समोर लॅपटॉप उघडून बसलेला पोरगा आधी म्हणाला, "मॅडम, जरा दाबून ठेवा." मग म्हणाला, "जरा हलका ठेवा." मग साबणाने हात धुऊन यायला सांगितलं. मग हात फार कोरडे झाले म्हणून अंगठा केसांतून फिरवायला सांगितला. आमच्या कोल्हापूरच्या घरातलं जेवणाचं टेबल, एका बाजूला निवडायला घेतलेली मेथी, दुसऱ्या बाजूला ते काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा येणारी तीच नकाराची ओळ. सातव्या खेपेला यंत्राने मला ओळखलं.

"बँकेत होता का?" पोराने विचारलं.

"हो. तुला कसं कळलं?"

"कॅशियर लोकांचे आणि धुणंभांडी करणाऱ्या मावशींचे अंगठे लवकर उमटत नाहीत. झिजलेले असतात."

बारा वर्षं काउंटरवर नोटा मोजल्या, त्याचा हा हिशेब असा निघाला. पुण्यातल्या कोथरूडच्या फ्लॅटसाठी नवीन भाडेकरू आले होते, त्यांचा करार नोंदवायचा होता. भाडेकरूंचे अंगठे आदल्या दिवशी पुण्यात होऊन गेले होते. पडद्यावर त्यांचा फोटो होता, लग्नाच्या अल्बममध्ये दूरच्या पाहुण्यांचा असतो तेवढा. तिशीतला माणूस, चष्मा, मागे पांढरी भिंत. ती भिंत माझ्याच हॉलची असावी. माझ्या घरात राहायला आलेला हा पाचवा माणूस, आणि याआधीच्या चारांपैकी मी समोरासमोर भेटले ते एकालाच.

पोरगा गेल्यावर मी कागद वाचून काढला. त्यात 'भाडेकरू' हा शब्द कुठेही नाही. 'भाडं' हाही नाही. मी 'लायसेन्सॉर', तो 'लायसेन्सी', आणि दरमहा जे बावीस हजार येणार ती 'लायसन्स फी'. बोलताना सगळे भाडेकरूच म्हणतात, एजंट म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, मीही म्हणते. कागदावर मात्र तो शब्द विटाळ झाल्यासारखा टाळलेला असतो. याचं कारण मला फार लहानपणी कळलं, कारण आम्ही स्वतः भाडेकरू होतो. करारातले नव्हे, खरेखुरे.

शनिवार पेठेतल्या एका वाड्यात माडीवर दोन खोल्या. भाडं अठरा रुपये. खाली चौकात नळ, तोही सगळ्या बिऱ्हाडांत एक. आई पहाटे उठून घागरी वर न्यायची, आणि त्या जिन्याच्या पायऱ्या इतक्या उभ्या होत्या की भरली घागर घेऊन चढताना दुसऱ्या हाताने दोर धरावा लागे. मालक मुंबईला दादरला राहायचे. त्यांना मी आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. वाडा बघायचे ते दिवाणजी. तळमजल्यावर, दिंडीतून आत आल्या-आल्या डाव्या हाताला त्यांची खोली, तिला सगळे 'हापिस' म्हणायचे. काळी टोपी, पावतीपुस्तक, शाईचा डाग पडलेलं उतरतं मेज. पहिल्या आठवड्यात भाडं तिथे नेऊन द्यायचं, पावती घ्यायची.

माडीवर एक नळ घेऊ द्या म्हणून बाबांनी दिवाणजींना विचारलं. खर्च आम्ही करतो म्हणाले. दिवाणजी म्हणाले, "विचारतो मालकांना." आठ दिवसांनी उत्तर आलं, "मालक नाही म्हणाले." पुढल्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा मालक नाही म्हणाले. खिडकीला गज बसवायचे होते, मालक नाही म्हणाले. पत्रा गळत होता, डागडुजी करायची होती, मालक बघू म्हणाले. हे इतक्या वेळा झालं की आमच्या घरात तो वाक्प्रचारच होऊन बसला. सहलीला जाऊ का म्हणून मी विचारलं की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मालक नाही म्हणाले." हसायचो आम्ही. बाबा हसायचे नाहीत. त्यांच्या मनात दादरच्या त्या माणसाबद्दल एक गाठ बसत गेली ती शेवटपर्यंत सुटली नाही.

आता हेही सांगितलं पाहिजे की अठरा रुपयांत दोन खोल्या हा मालकावर अन्यायच होता. १९४७चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा पुण्यालाही लागू होता आणि त्याने बहुतेक जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० रोजी होती तिथेच बांधून घातली. त्या दिवशी जे भाडं असेल ते 'प्रमाण भाडं'. तांदूळ वाढला, पगार वाढले, भाडं तिथेच. वाडे पडत गेले याचं निम्मं कारण यात आहे. अठरा रुपयांत कोण कौलं शाकारून देईल? मग ज्यांच्याकडे जागा होत्या त्यांनी पळवाट काढली. भाड्याने द्यायचंच नाही, 'लायसन्स'वर द्यायचं, म्हणजे पाहुण्यासारखं राहा, हक्क नाही. ती वाट १९७३ साली सरकारने बंद केली. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जो कोणी चालू लायसन्सवर राहत होता, तो कायद्याने भाडेकरू झाला. एका रात्रीत. आमच्या नात्यातल्या एका काकांनी आपल्या घरातली पुढची खोली एका शिक्षकाला दिली होती, ती गेलीच. मग पुढची पंचवीस-तीस वर्षं पुण्या-मुंबईत कित्येक फ्लॅट नुसते कुलूप लावून पडून राहिले. ज्याच्या हाती किल्ली, त्याचं घर, अशी धास्तीच बसली होती. सध्याचा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात लायसन्सची मुदत संपली की जागा रिकामी करून मिळण्याची वेगळी सोय झाली आणि मुदतीनंतर न हलणाऱ्याला दुप्पट भरपाई बसू लागली. तेव्हा कुठे लोकांची कुलपं निघाली. जुन्या भाडेकरूंचं भाडं दरसाल चार टक्क्यांनी वाढवायची मुभाही त्याच कायद्याने दिली. अठरा रुपयांवर चार टक्के म्हणजे बहात्तर पैसे. बाबांनी हा हिशेब करून आम्हाला वाचून दाखवला होता, तेव्हा मात्र ते हसले होते.

मी मालक झाले ती २००८ साली, बँकेच्या कर्मचारी-कर्जावर. तीन वर्षं त्या घरात राहिलो. मग बढती आणि बदली एकदमच आली, यजमानांचं गाव कोल्हापूर, सासूबाई थकलेल्या, आणि पुण्याचं घर द्यायचं ठरलं. यजमान म्हणाले, "पेपरात जाहिरात देऊ." मी म्हटलं, आपण इथे नसणार, दाखवायचं कुणी? कोपऱ्यावरच्या एजंटकडे चावी दिली.

त्याचा गाळा आठ बाय दहाचा. झेरॉक्सचं मशीन, गणपतीची तसबीर, आणि एका फळीवर ओळीने मारलेले खिळे. प्रत्येक खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर खूण. माझ्या जुडग्यावर लिहिलं होतं, 'कोल्हापूर मॅडम'. शेजारी 'दुबई', त्याच्या शेजारी 'डॉक्टर (कटकट)'. हे वाचून मला बरं वाटलं होतं, कंसात काही नाही म्हणून.

या मंडळींची एक भाषा आहे. राहायला येणारा माणूस म्हणजे 'पार्टी'. पार्टी बघून जाते, 'टोकन' देते, मग ती 'फायनल'. मालकाचा एजंट वेगळा आणि पार्टीचा वेगळा असला तर ज्याने त्याने आपापल्या पार्टीकडून घ्यायचं, त्याला 'साइड बाय साइड'. माझा एजंट एकटाच दोन्हीकडचा, तेव्हा माझ्याकडून पंधरा दिवसांचं भाडं आणि पार्टीकडून महिन्याचं. बावीस हजारांच्या हिशेबाने एका खेपेला तेहतीस हजार. तोच भाडेकरू पुढे चालू राहिला तर दोघांकडून मिळून तीन-चार हजार, करार करून देण्याचे. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला यातली मेख कळायला वेळ लागायला नको होता. पण लागला. भाडेकरू टिकण्यात माझा फायदा आणि बदलण्यात त्याचा. तो काही कुणाला हुसकावत नव्हता, तसा खोटा माणूस नव्हे. एवढंच, की दहावा महिना लागला की त्याचा फोन यायचा, "मॅडम, आता मार्केट वर आहे, पंचवीस सहज येतील, काय करायचं या पार्टीचं?"

आणि अकरा महिनेच का? हे मी त्याला एकदा विचारलं. म्हणाला, "पद्धत आहे." पद्धत आहे खरी, पण ती दुसऱ्याच्या घरची. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून देशभर लोक अकरा महिन्यांचा कागद करून नोंदणी चुकवतात. आपल्याकडे महाराष्ट्रात २००० साली लागू झालेल्या कायद्याच्या ५५व्या कलमाने ती चुकवायची सोयच ठेवलेली नाही. करार पाच महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे अकरा महिन्यांनी आपलं वाचत काहीच नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेवर पाव टक्का. अकरा महिन्यांचे बावीस हजार आणि सहासष्ट हजारांच्या डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज धरून ते सहाशे-सातशेच्या घरात जातं, वर हजार रुपये नोंदणी फी. पाच वर्षांपर्यंतच्या कराराला हाच पाव टक्का. मी पुढच्या वेळी तेहतीस महिन्यांचा करार करायला लावला, दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ आधीच लिहून. एजंटने केला, पण महिनाभर तो माझ्याशी जरा कोरडाच बोलत होता.

मग त्याला सोडलं का नाही? सोडलं होतं. मधे सहा महिने घर एका कंपनीकडे दिलं होतं, ही अ‍ॅपवाली. दरमहा भाड्याच्या काही टक्के त्यांचे, त्या बदल्यात भाडं वसूल करणार, दुरुस्त्या करणार, दर तीन महिन्यांनी घराची पाहणी करणार. पहिला अहवाल आला त्यात स्विचबोर्डांचे चौदा फोटो होते. बाथरूमच्या छतातून पाणी यायला लागलं तेव्हा मला 'तिकीट' काढायला सांगण्यात आलं. अकरा दिवस ते तिकीट 'प्रगतीपथावर' होतं. शेवटी भाडेकरूंनीच कोपऱ्यावरच्या एजंटला गाठलं, त्याचा प्लंबर दोन तासांत आला, वरच्या मजल्यावरच्या बाईंना समजावून त्यांच्या मोरीची फरशी उखडली, आणि संध्याकाळी एजंटने मला फोटो पाठवला, एकच. खाली लिहिलं होतं, 'झालं मॅडम.' मी परत त्याच्याकडे गेले.

मला वाटतं, एजंटकडून आपण जे विकत घेतो ते कागदपत्रं करून देणं नव्हे, माणूस शोधून देणंही नव्हे. ते आता कुणालाही मोबाइलवर करता येतं. आपण आपली भीड त्याला विकतो. भाडं वाढवा हे मला कुणाच्या तोंडावर म्हणता येत नाही. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार आहे हे तर मुळीच नाही. कुत्रा नको, भिंतीला खिळे नकोत, रात्री दहानंतर गाणी नकोत. हे सगळं तो बोलतो, माझ्या नावाने, आणि मी कोल्हापुरात सज्जन राहते. पंधरा दिवसांच्या भाड्यात हे स्वस्तच आहे असं मी मानत होते.

२०२०चा एप्रिल. तेव्हा घरात एक तरुण जोडपं होतं. नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला होता. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली होती की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका. मी यावर काय करायचं असा विचारच करत होते, तेवढ्यात एजंटचा फोन. "मॅडम, पार्टी म्हणते तीन महिने निम्मं देऊ, तुमची अडचण होऊ देणार नाही. चांगली माणसं आहेत." मला भरून आलं. लोक काहीच देत नव्हते त्या दिवसांत. मी लगेच हो म्हटलं.

ते जोडपं २०२१च्या दिवाळीनंतर स्वतःच्या घरात गेलं. त्या वेळी मी पुण्यातच होते, म्हणून चावी घ्यायला स्वतः गेले. मी प्रत्यक्ष भेटले ते हेच. खोकी भरून झाली होती, गॅस सिलिंडर गेला होता, तिने थर्मासमधून चहा आणला होता. कागदी कपात तो देत म्हणाली, "काकू, लॉकडाउनमध्ये तुम्ही होऊन निम्मं भाडं माफ केलंत, ते आम्ही कधी विसरणार नाही. आम्ही तर मागणारही नव्हतो, कसंतरी पूर्ण देणार होतो." मी कप तोंडाला लावला. म्हणजे त्याने तिला सांगितलं होतं की मालकांनी माफ केलं, आणि मला सांगितलं होतं की पार्टी निम्मं देतेय. दोघांपैकी कुणीच काही बोललेलं नव्हतं. दोन्हीकडून त्याने एक खोटं सांगून मधे एक खरी गोष्ट उभी केली होती.

मी अजून त्याच्याच कौतुकात होते, आणि ती पुढे म्हणाली, "एक मात्र सांगू का? पाळण्याचं तेवढं वाईट वाटलं होतं."

बाळ झालं तेव्हा हॉलच्या छताला पाळण्यासाठी एक कडी बसवायची होती. सासूबाईंनी सांगलीहून लाकडी पाळणा पाठवला होता, घराण्यातला. स्लॅबला ड्रिल मारायचं म्हणून त्यांनी एजंटला विचारलं. त्याने दोन दिवसांनी कळवलं. "मालक नाही म्हणाले." मग त्यांनी स्टँडचा पाळणा आणला आणि लाकडी पाळणा परत पाठवला.

मला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी मिस्त्री पाठवला असता. हे मी तिला सांगायला तोंड उघडलंही होतं. पण कडीचा नकार माझा नव्हता असं सांगितलं, तर भाड्याची माफीही माझी नव्हती हे सांगायला नको का? एक ठेवायचं आणि एक झटकायचं, हे कसं जमावं? मी चहा पिऊन टाकला. म्हटलं, "बाळ कसं आहे आता?" चालायला लागलं होतं.

हे इथवरच असतं तर हसून सांगायची गोष्ट झाली असती. पुढल्या वर्षी घर पुन्हा रिकामं होतं. दीड महिना झाला, एजंट म्हणे, पार्टीच येत नाही, मार्केट थंड आहे. त्याच सुमारास माझ्या जुन्या शाखेतल्या एका सहकाऱ्याचा फोन आला, सहज, निवृत्तीनंतरच्या गप्पा. त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता आणि जागा शोधून दमला होता. "कोथरूडला एक फ्लॅट फार आवडला होता त्याला," तो म्हणाला, "टोकन द्यायला तयार होता. नाव ऐकल्यावर एजंट म्हणाला, मालकांना चालत नाही." त्याने पुढे काही म्हटलं नाही, हे त्याला नवं नव्हतं. तो मुसलमान आहे. आम्ही दोघांनी एका पिंजऱ्यात बसून सहा वर्षं कॅश सांभाळली आहे, एकमेकांच्या चुकीचे पैसे खिशातून भरले आहेत. मी विचारलं, कुठली सोसायटी? त्याने नाव सांगितलं. कितवा मजला, तेही सांगितलं.

घर माझं होतं.

त्याला मी सांगितलं नाही. फोनवर 'अरेरे' म्हटलं. 'कमाल आहे लोकांची' असंही म्हटलं असावं. आजही त्याला ठाऊक नाही, निदान मला तसं वाटतं. मुलाला शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा मिळाली, ऑफिसपासून तासाभरावर.

एजंटला मात्र मी झापलं. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मॅडम, उद्या सोसायटीने कटकट केली असती तर तुम्हालाच त्रास. पार्किंगचं लफडं, पाण्याचं लफडं, सगळं तुमच्याकडे आलं असतं." सोसायटीत कुणी काही म्हटलं होतं का? नाही, पण म्हटलं असतं. मग मला का नाही विचारलं? यावर त्याने जे उत्तर दिलं ते त्याच्या बाजूने अगदी प्रामाणिक होतं. "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्हाला हो म्हणावं लागलं असतं, नाहीतर नाही म्हणावं लागलं असतं. दोन्हीत तुमचीच पंचाईत. मालकांचं नाव घेतलं की विषय संपतो."

मी काय केलं? काही नाही. दोन दिवसांनी पार्टी फायनल झाली, टोकन आलं. नव्या प्रकल्पातले फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटला महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, आता परीक्षाही द्यावी लागते. भाड्याचं जुळवून देणाऱ्याला असलं काही नाही. तक्रार करायची तर कुठे, असं मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर नाही हे पाहून थोडं हायसंच वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं होतं. ज्याच्या पायी मी सज्जन राहत होते त्याच्याविरुद्ध जाऊन करणार काय होते?

या वेळचा करार झाल्यावर तो फायलीत लावायला म्हणून कपाट उघडलं. घराचे कागद जिथे ठेवते त्याच कप्प्यात बाबांची एक फाइल आहे, काळ्या नाडीची. वाडा २००४ साली बिल्डरकडे गेला, भाडेकरूंना नव्या इमारतीत छोट्या जागा मिळाल्या, बाबा तिथे चार वर्षं राहून गेले. फाइल माझ्याकडे आली ती मी कधी उघडली नव्हती. आत सगळ्या मनीऑर्डरी आहेत.

ऐंशीच्या दशकात मालकांनी भाडं घ्यायचं बंद केलं होतं. भाडं सहा महिने थकलं की नोटीस देऊन भाडेकरूला काढायचा दावा लावता येत असे, म्हणून घ्यायचंच नाही, म्हणजे आपोआप थकतं. त्याला तोड अशी की भाडेकरूने मनीऑर्डरने पाठवत राहायचं. परत आलेली मनीऑर्डर हाच पुरावा, की हा माणूस भाडं द्यायला तयार होता. वकिलाने सांगितलं तसं बाबांनी केलं. दर महिन्याला अठरा रुपये, वर पोस्टाचं कमिशन. दर महिन्याला पैसे परत, आणि फॉर्मवर पोस्टमनचा शेरा, 'घेण्यास नकार'. कारकुनी अक्षरात बाबांनी प्रत्येकावर कोपऱ्यात महिना लिहून ठेवला आहे. बऱ्याच आहेत, मोजल्या नाहीत.

मी त्या चाळत होते ते पुसट होत चाललेल्या शाईकडे बघत. मग पत्ता वाचला. मालकांचं नाव, आणि खाली वाड्याचा पत्ता. शनिवार पेठ, पुणे ३०. दादरचा नाही. बाबांना दादरचा पत्ता माहीतच नसावा. भाडं द्यायची जागा हापिस, म्हणून मनीऑर्डरही हापिसात. म्हणजे पोस्टमन दिंडीतून आत आला की डाव्या हाताला वळायचा, काळी टोपी वर बघायची, आणि नकार तिथेच व्हायचा. दादरला काय कळत होतं, कळत होतं का, मालकांनीच तसं सांगून ठेवलं होतं का, की त्यांना एवढंच ठाऊक होतं की शनिवार पेठेतला तो माडीवरचा कारकून भाडं देत नाही? ते वारले, दिवाणजी त्यांच्याही आधी. नळाचं विचारायला कुणी उरलेलं नाही.

फाइल परत ठेवली आणि तिच्यावर माझी.

काल एजंटचा फोन आला होता. "मॅडम, पार्टी म्हणते गॅलरीला कबुतरांसाठी जाळी बसवायची. खर्च तेच करणार. मी म्हटलंय, मालकांना विचारतो."

मी म्हटलं, "त्यांचा नंबर द्या, मीच बोलते."

"कशाला मॅडम? मी आहे ना."

"तरी पाठवा."

पाठवतो म्हणाला. अजून आलेला नाही. तसं पाहिलं तर नंबर माझ्याकडेही आहे, भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायचा जो फॉर्म असतो त्यावर, फायलीत वरूनच दुसरा कागद. काढून फ्रिजवर लावून ठेवला आहे. फोन अजून केलेला नाही. एवढ्या तेवढ्यासाठी मालकीणबाईंनी थेट फोन केला म्हणजे त्यांना काय वाटेल, असं वाटत राहतं. रविवारी करीन म्हणते.

जाळी बसवायला माझी काही हरकत नाही.